फोटोंचे बियाणे कुठे ठेवाल?

वाचकहो, मागच्या आठवड्यात बदनापूर तालुक्यातून एक पत्र आले. लिहिणारा मुलगा जालन्याच्या कॉलेजात शिकतो. मावसभावाने वापरून झालेला कॅमेरा त्याला दिला आहे. सुटीच्या दिवशी पहाटे उठून घाणेवाडीच्या तलावावर पाखरांचे फोटो काढायचे, एरवी शेताचे, बैलांचे, घरच्या माणसांचे काढायचे, असा त्याचा छंद. "फोटो फार झाले आहेत. कार्ड भरले, मोबाईल भरला. सोयाबीनचे पैसे आले की कॉम्प्युटर घ्यावा म्हणतो. वडील तयार आहेत. कोणता घ्यावा ते कळवा," असे त्याने विचारले आहे.

पत्राच्या तळाशी, वेगळ्या शाईत, त्याच्या आईने चार ओळी लिहिल्या आहेत. "भाऊ, ह्याच्या मोबाईलमधी ह्याच्या आजोबाचे शेवटचे फोटो हायत. मोबाईल मधूनच बंद पडतो. कॉम्प्युटर घेतला म्हंजी ते फोटो राहतील का? का तोबी बंद पडतो?"

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पुढे देतोच. पण आधी ताईंच्या प्रश्नाकडे वळतो, कारण दोघांत तो अधिक घाईचा आहे.

ताई, खरे सांगायचे तर तोही बंद पडतो. आज ना उद्या प्रत्येक मोबाईल, प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक डिस्क बंद पडणारच आहे. मोबाईलमधले फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये टाकले आणि मोबाईलमधले पुसून टाकले, तर एका फुटक्या कणगीतली ज्वारी उपसून दुसऱ्या कणगीत ओतली, एवढेच झाले. दुसरी कणगी नवी आहे म्हणून तिला उंदीर लागायचा नाही, असे थोडेच आहे? यंत्र चांगले असल्याने फोटो टिकत नाही. तो एकाहून जास्त ठिकाणी ठेवलेला असतो म्हणून टिकतो.

तेव्हा सोयाबीनच्या पैशांची वाट पाहू नका. मोबाईल सुरू असेल त्या घडीला आजोबांचे फोटो बाहेर काढा. दोन तोंडांचा पेनड्राइव्ह मिळतो. एक तोंड मोबाईलला लागते, दुसरे कॉम्प्युटरला. त्यात फोटो उतरवून घ्या आणि तोच पेनड्राइव्ह नेऊन गावात ज्यांच्याकडे कॉम्प्युटर असेल, शाळेतले गुरुजी असोत की फोटो स्टुडिओवाला, त्यांच्याकडे आणखी एक प्रत ठेवून घ्या. हे दोन-चार दिवसांत करा, कारण हल्लीच्या मोबाईलमधली माहिती आतून कुलूपबंद असते. एकदा पडदा गेला आणि कुलूप उघडता आले नाही, की आतले फोटो शाबूत असूनही ते हाती लागणे फार अवघड होते.

फोटो पाठवायचा म्हटला की आपण सगळेच व्हॉट्सॲप उघडतो. घाईत काहीच नसण्यापेक्षा ते बरे. पण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते आणि तो कधी, कुठे काढला ही त्याच्या पोटातली नोंदही गाळून टाकते. पडद्यावर फरक दिसत नाही. भिंतीवर लावण्यासाठी मोठा करून घ्यायला गेलात की चेहरा पिठासारखा विस्कटतो. पाठवायचाच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी जाते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २०१२-१३ चा दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. त्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. आमचीही बाग गेली. टँकरने पाणी घालून वडिलांनी एप्रिलपर्यंत झाडे धरून ठेवली, मग हात टेकले. झाडे तोडायच्या आदल्या दिवशी मी त्यांचे बागेतले फोटो काढले होते. एका फोटोत ते खोडावर तळहात ठेवून उभे आहेत, कॅमेऱ्याकडे पाहतसुद्धा नाहीत. पुढे कॉम्प्युटर भरला, तेव्हा मी सगळे फोटो एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर नेले. नेले म्हणजे कट करून नेले. "सगळे एका जागी, नीट लावून ठेवले," असे घरात अभिमानाने सांगितलेही. त्याच वर्षी पोळ्याला घरात मुलांचा गोंधळ चालला होता. कोणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि चालू असलेली डिस्क टेबलावरून फरशीवर पडली. आत तबकडी फिरत असते, तिच्या अगदी जवळून सुई फिरते; पडल्यावर टिक टिक असा आवाज येऊ लागला. तो आवाज मी अजून विसरलो नाही. दुरुस्तीवाल्याने बरेच पैसे घेतले, काही फोटो निघाले, दोन वर्षांचे निघाले नाहीत. वडील आता नाहीत. खोडावर हात ठेवलेला तो फोटो मात्र आहे, कारण बहिणीने हट्टाने त्याची एक प्रत कागदावर काढून सासरी नेली होती.

चूक माझीच होती आणि लाज वाटण्यासारखी होती, कारण घरात बियाणे कसे राखतात हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आमची आजी ज्वारीचे बियाणे कधी एकाच ठिकाणी ठेवत नसे. थोडे राखेत घोळून उतरंडीच्या मडक्यात, थोडे कणगीत, आणि थोडे थोरल्या लेकीच्या घरी. उतरंडीला उंदीर लागला, कणगीला ओल लागली, तरी मृगात पेरायला लेकीकडचे पायलीभर मिळायचेच. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात महिको सुरू केली, आणि पुढे आपला जिल्हा बियाण्यांसाठी देशभर ओळखला जाऊ लागला. बियाणे जपावे कसे, हे जालनेकरांना दुसऱ्याने शिकवायला नको. तेच फोटोंना लावायचे आहे.

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने आपल्या पुस्तकातून जो नियम मांडला आणि जो आता जगभर पाळला जातो, तो आमच्या आजीच्या नियमाहून वेगळा नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. एक प्रत कॉम्प्युटरात, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी लेकीच्या सासरी म्हणा, मामाच्या घरी म्हणा, किंवा इंटरनेटवर.

घराबाहेरची प्रत म्हटली की पुष्कळांना तो फाजील खटाटोप वाटतो. त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगतो. तुमच्या नातवंडांनी 'टॉय स्टोरी' नावाचे बोलत्या खेळण्यांचे सिनेमे पाहिले असतील. त्यातला दुसरा भाग १९९८ मध्ये अमेरिकेत पिक्सार कंपनीत तयार होत होता. चित्र न चित्र कॉम्प्युटरवर काढलेले. एके दिवशी कोणीतरी चुकून पुसून टाकण्याची आज्ञा दिली आणि काम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पडद्यावरच्या बाहुल्याची टोपी गेली, मग बूट गेले, मग तो बाहुलाच गेला. बघता बघता बहुतेक सिनेमा नाहीसा झाला. घाबरून लोक राखीव प्रतीकडे धावले, तर ती प्रत नीट तयारच होत नव्हती आणि ते कोणी तपासून पाहिले नव्हते! शेवटी गॅलिन सुसमन या बाईंना आठवले की, आपल्या घरी एक प्रत आहे. तान्ह्या बाळामुळे त्या घरून काम करीत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरात सिनेमा उतरवून दिलेला होता. तो कॉम्प्युटर चादरींत गुंडाळून मोटारीत ठेवून, तान्ह्या मुलासारखा सांभाळत कचेरीत आणला. एवढी मोठी कंपनी, आणि तिचे काम वाचवले ते एका बाळंतिणीच्या घराने.

आपल्याकडे दैव इतके चांगले नव्हते. १९३१ मध्ये मुंबईत पडद्यावर आलेला 'आलम आरा' हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही.

इंटरनेटवरच्या प्रतीबद्दल बरेच गैरसमज आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. "माझे सगळे गुगलवर आहे, मला काळजी नाही," असे तरुण मुले सांगतात. गुगल फुकट जागा देते ती १५ जीबी, आणि त्यात ई-मेल वगैरे सगळे आले. वाटेल तितके फोटो फुकट ठेवण्याची सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. जागा भरली की नवे फोटो वर चढत नाहीत. मोबाईल तसे सांगतो, पण ती सूचना आपण बोटाने बाजूला सारतो. दुसरे असे की, मोबाईलमधला फोटो गुगल फोटोजमध्ये जाऊन पुसलात तर तो वरचाही पुसला जातो. कचऱ्याच्या टोपलीत तो साठ दिवस राहतो, मग कायमचा जातो. विहीर आणि हौद एकाच पाइपाने जोडलेले असावेत तसे हे आहे, एकीकडचे गढूळ झाले की दुसरीकडचेही होते. तिसरे, दोन वर्षे ज्या खात्याकडे कोणी फिरकलेच नाही ते गुगल बंद करू शकते. घरातले माणूस गेल्यावर त्याचा मोबाईल कपाटात पडून राहतो, नंबर बंद होतो, पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो, आणि दोन वर्षांनी त्याचे फोटोही जातात. तेव्हा खात्याचे नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून सात-बाराच्या पिशवीत ठेवा. इंटरनेटवरची प्रत जरूर ठेवा, मीही ठेवतो, पण तिला तिसरी प्रत म्हणा, पहिली म्हणू नका.

घराबाहेर म्हणजे किती लांब? शेजारच्या खोलीत नव्हे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला आणि जायकवाडीतून जे पाणी सोडावे लागले, त्यात अंबड, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतल्या गोदाकाठच्या लोकांनी पुराचे पाणी पाहिले आहे. असे पाणी घरात शिरले की कॉम्प्युटर, डिस्क आणि लग्नाचा अल्बम एकाच कपाटात असून उपयोग काय? दुसऱ्या गावात, उंचावरच्या घरात एक डिस्क असू द्या. दिवाळीला बहिणीकडे जाताना नवी भरलेली डिस्क न्यायची, जुनी परत आणायची. भाऊबीजेचे हे एक कामच करून टाका.

आणि आता फोटो म्हणजे नुसती हौस राहिलेली नाही. २०२१ पासून ई-पीक पाहणीत आपण स्वतःच मोबाईलवरून पिकाचा फोटो काढून नोंद करतो. बांध, विहीर, पडलेली भिंत, पाण्याखालचे पीक, यांचे फोटो उद्या कागदासारखे उपयोगी पडू शकतात. ते वेगळ्या ठिकाणी, काढले तसेच ठेवा. त्यांना रंग चढवायला जाऊ नका.

आता आमच्या तरुण मित्राचा कॉम्प्युटर. मित्रा, पहिली गोष्ट अशी की, जेवढे पैसे वडील देतील त्यातून दोन हार्ड डिस्कांचे पैसे आधी बाजूला काढ आणि उरलेल्यात कॉम्प्युटर बघ. थोडा हलका कॉम्प्युटर आणि दोन डिस्का, हे मी भारी कॉम्प्युटर आणि शून्य डिस्क याहून शंभर पटीने चांगले मानतो. दुकानदार याच्या उलट सांगेल.

टेबलावरचा कॉम्प्युटर की लॅपटॉप? तेवढ्याच पैशात टेबलावरचा अधिक ताकदीचा मिळतो, पडदा मोठा मिळतो, पुढे एखादा भाग बदलता येतो. पण आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि फोटो उतरत असताना वीज गेली तर फाईल अर्धवट राहते. टेबलावरचा घेतलास तर यूपीएस घ्यावाच लागेल. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. खेड्यातल्या घराला मी लॅपटॉपच सुचवीन.

आत काय पाहावे? नुसते मोबाईलचे फोटो बघायचे-लावायचे असतील तर ८ जीबी रॅमवर भागते. तुझ्याकडे कॅमेरा आहे, तू कधीतरी रॉ फाईलवर काम करणार, तेव्हा १६ जीबी घे. रॅम नंतर वाढवता येते का हे विचारून घे, कारण काही लॅपटॉपांत ती डकवलेलीच असते. आतली डिस्क एसएसडी असावी, ५१२ जीबीची. गेम खेळणाऱ्यांसाठीच्या महागड्या ग्राफिक्स कार्डावर पैसे घालू नकोस. कॅमेऱ्याचे कार्ड थेट बसेल अशी खाच असली तर उत्तम, नसली तर कार्ड वाचायचे लहानसे यंत्र वेगळे मिळते.

खरे पैसे पडद्यावर घालायचे. कागदावरचे आकडे राहू देत, मी एक गावरान युक्ती सांगतो. पेनड्राइव्हमध्ये स्वतः काढलेले दोन फोटो घेऊन दुकानात जा: एक झाडावरच्या पिकलेल्या मोसंबीचा आणि एक आईच्या चेहऱ्याचा. मोसंबीचा रंग तुला पाठ आहे आणि आईचाही. लॅपटॉपवर ते उघड. मोसंबी लिंबासारखी पिवळीजर्द दिसते का, चेहरा निळसर पडतो का, ते पाहा. मग मान थोडी वर-खाली आणि बाजूला कर. रंग पालटले, चेहरा काळवंडला, तर तो पडदा आपल्या कामाचा नाही. आयपीएस म्हणतात तो पडदा बाजूने पाहिला तरी रंग सोडत नाही.

जुना लॅपटॉप घ्यावा का, असेही पुष्कळजण विचारतात. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप दणकट असतात आणि स्वस्तही पडतात. बॅटरी किती वेळ टिकते ते तिथेच तासभर बसून पाहा आणि पक्की पावती घे. आणखी एक काळजी घ्यायला हवी. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ चालायला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नकोस. फोटो सुधारण्यासाठी चोरीची सॉफ्टवेअर टाकून देणारे दुकानदारही भेटतील. त्यातूनच विषाणू येतात. डार्कटेबल आणि डिजिकॅम ही चांगली सॉफ्टवेअर उघडपणे फुकट मिळतात, शिकायला थोडी चिकाटी लागते एवढेच.

डिस्क केवढी? हिशोब सोपा आहे. मोबाईलचा एक फोटो सुमारे ५ एमबीचा धरला, तर १ टीबीच्या डिस्कवर दोन लाख फोटो मावतात. कॅमेऱ्याची रॉ फाईल २८ एमबीची धरली, तर ३५ हजार. छंदाला पुष्कळ झाले. कपाटात ठेवायची प्रत फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवरच असू दे. एसएसडी वर्षानुवर्षे वीज न मिळता पडून राहिली तर तिच्यातली माहिती विरू शकते. डिस्क कायम कॉम्प्युटरला जोडून ठेवू नकोस. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तारेतून येणारा झटका दोघांनाही घेऊन जाईल. काम झाले की काढून, कापडात गुंडाळून, माझ्यासारखे टेबलाच्या काठावर न ठेवता, आत ठेव.

आणि विरळणी कर. पाखराचे एकासारखे एक चाळीस फोटो कशाला हवेत? कपाशी दाट झाली की आपण रोपे उपटतोच ना? चांगले तीन ठेव. फोल्डरला आधी साल, मग महिना, मग दिवस, आणि पुढे मराठीत कामाचे नाव दे, म्हणजे ते आपोआप ओळीने लागतात. उतरवताना कट म्हणू नकोस, कॉपी म्हण. दोन ठिकाणी पोचल्याशिवाय कार्ड पुसू नकोस. पोळा, दिवाळी आणि अक्षय तृतीया, असे वर्षातून तीनदा डिस्क जोडून पाच-पंचवीस फोटो उघडून बघ. नुसती नावे दिसली म्हणजे फोटो उघडतोच असे नाही. पेरण्याआधी गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण पाहतात, तसे हे आहे.

शेवटी पुन्हा ताईंकडे येतो. ताई, पत्रावरून असे दिसते की आजी घरात आहेत. लोखंडी पेटीतले जुने कागदी फोटो एका दुपारी बाहेर काढा. ओसरीवर, सावलीत पण उजेडाला, एकेक फोटो सपाट ठेवून मुलाला त्याच्या कॅमेऱ्याने त्यांचे फोटो काढू द्या. फ्लॅश नको, चकाकी येते. वरचे प्लास्टिक चिकटलेले असेल तर ओढू नका, तसेच काढा. मागे काही लिहिलेले असेल तर त्या बाजूचाही फोटो घ्या. आणि आजींना शेजारी बसवून विचारा, हा फेटेवाला कोण, ही कडेवरची मुलगी कोणाची, ही बैलजोडी कोणत्या साली घेतली होती. त्या सांगतील तसे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा. पेनाने नको, शाई पुढे उतरते.